सुमन, फोटोत तुझा गळा तसाच ठेवलाय

तुला न्यायला निघालो तेव्हा शाळेजवळच्या वळणावर एका पोरीनं तिरडीकडे बघून जीभ काढली. सहा-सात वर्षांची असेल. तिच्या आईनं तिथल्या तिथं तिच्या पाठीत धपाटा घातला आणि स्वतःच पदर तोंडाला लावून रडायला लागली. मागून माझा मोठा भाऊ, दादा, पुटपुटला, "काय हे आजकालचे पोट्टे." माझ्या खांद्यावर तू होतीस, नाहीतर त्या पोरीला मी उचलून घेतलं असतं. इतक्या माणसांत तिनं एकटीनंच तुला बरोबर ओळखलं होतं. गावातल्या प्रत्येक लेकराला तूच तर ती सवय लावलीस. तू, गावची आशाताई, दिसलीस की मान वर आणि जीभ बाहेर.

आज बारावा दिवस, उद्या तेरवी. घरी येणारा प्रत्येक जण सांगतो की सुमन फार शांत होती, सोशिक होती, कधी कुणाला उलटून बोलली नाही. ऐकून माझं डोकं फिरतं. कोणत्या सुमनबद्दल बोलतात हे लोक? पंचवीस-सव्वीस वर्षं माझ्याशी रोज एका तरी गोष्टीवरून भांडलेली बाई मला ठाऊक आहे. सरपंचाला भर ग्रामसभेत खाली बसवणारी बाई ठाऊक आहे. मेल्यावर माणसाला सोशिक करून टाकायची ही काय घाई असते कळत नाही. म्हणून लिहायला बसलोय. तुझ्याबद्दल इतरांना काही सांगायचं नाही मला. तुझ्याशीच बोलायचंय, कारण आपलं भांडण अर्धवट राहिलंय आणि त्यात माझी बाजू पडती आहे.

तुला बघायला आलो तेव्हा तू पदर गळ्याशी ओढून चहा घेऊन आलीस. आम्हाला वाटलं, वळणाची मुलगी आहे. लग्नानंतर चौथ्या दिवशी मला कळलं की त्या पदराखाली, कंठाच्या बरोबर मध्ये, मुगाएवढं छिद्र आहे आणि त्यातून दिवसातून दोन-चारदा चिकट थेंब येतो. लहानपणी तिथं सुपारीएवढी गाठ होती. घरच्यांनी गंडमाळ म्हटलं आणि तुला गंडमाळेवाल्या बाबाकडे नेलं. आपल्या भागात गळ्यावर काहीही उठलं की ती गंडमाळच. बाबानं बिब्बा तापवून त्याचं तेल गाठीवर लावलं. कातडी जळली, गाठ फुटली, सगळ्यांना बरं वाटलं. ते छिद्र मात्र कधी बुजलं नाही. वर्षातून दोनदा ते सुजायचं, ताप यायचा, आणि तू गळ्याला फडकं बांधून भाकरी थापायचीस.

माझी आई म्हणाली, "फसवलं आपल्याले." तू चुलीपाशी ऐकत होतीस. मी नवाच मास्तर झालो होतो, वर्गात दिवसभर माझं तोंड बंद नसायचं, आणि आईपुढे मी ते उघडलं नाही. त्याहून वाईट गोष्ट मी नंतर केली. धाड गावच्या स्टुडिओत लग्नाचा फोटो मोठा करायला दिला तेव्हा फोटोवाल्याला मीच सांगितलं की गळ्यावरचं तेवढं नीट करा. त्यानं ब्रश मारून तुझा गळा गुळगुळीत केला. ती फ्रेम बैठकीत टांगली आणि तू ती दर दिवाळीला पुसत राहिलीस. एकदाच म्हणालीस, "या फोटोतली बाई कोन हाय हो?" मी हसण्यावारी नेलं. तू उत्तराची वाट बघत तशीच उभी होतीस, हे मला आता आठवतं.

मग तू गावची आशा कार्यकर्ती झालीस आणि माझ्याच शाळेत ती तपासणीची गाडी आली. तिसरीतल्या एका मुलीच्या गळ्यावर गाठ होती. डॉक्टर तिला म्हणाले, जीभ बाहेर काढ. तिनं काढली, आणि गाठ जिभेबरोबर वर सरकली. आत ठेवली, गाठ खाली आली. डॉक्टरांनी तुला समजावून सांगितलं की बाळ पोटात असताना गळ्यातली ग्रंथी जिभेच्या मुळापासून खाली उतरते, तिच्या वाटेची बारीक नळी नंतर बुजून जायला हवी, काही लेकरांत ती बुजत नाही आणि तिच्यात पाणी साठून गाठ होते. जन्मतःच असते. कुणाचं पाप नाही, कुणाची नजर नाही, आणि गंडमाळ तर नाहीच. मी बाजूला उभा राहून ऐकत होतो. तू हातात रजिस्टर धरून ऐकत होतीस, पण लिहीत काहीच नव्हतीस.

घरी आल्यावर तू कपाटाच्या आरशासमोर उभी राहिलीस, पदर खाली केलास आणि जीभ काढलीस. छिद्र आत ओढलं जाऊन वर गेलं. तू पुन्हा काढलीस. मी दारात होतो. चाळीस वर्षांची बाई आरशात स्वतःला वेडावून दाखवतेय असं दिसत होतं, आणि तू रडत होतीस. म्हणालीस, "मले कायले जाळलं मंग?" मी चहा ठेवायला आत निघून गेलो.

ऑपरेशन करायचं तू त्याच दिवशी ठरवलंस. माझं म्हणणं होतं, आता या वयात कशाला. इतकी वर्षं निघाली, उरलेलीही निघतील. गळ्याचं काम, आवाज गेला तर काय करशील. तू म्हणालीस, "तुमच्या गळ्यातून थेंब गळला असता तं तुमी वय मोजलं असतं काय? मास्तर आहा ना, सांगा." मी म्हटलं, तुला जायचं तर जा, मी येणार नाही. मला वाटलं होतं की एवढ्यावर तू थांबशील. तू पिशवी भरलीस आणि सकाळच्या गाडीनं बुलढाण्याला, तिथून खामगाव, अकोला, एकटी गेलीस. सर्जन मॅडमनी ती जुनी नळी जिभेच्या मुळापर्यंत काढली. नळी जिभेखालच्या छोट्या हाडाला चिकटून जाते, म्हणून त्या हाडाचा मधला तुकडाही काढावा लागतो, नाहीतर गाठ परत येते. हे सगळं मला नंतर तूच सांगितलंस, कारण मी तिथं नव्हतो. तिसऱ्या दिवशी डबा घेऊन आलो तेव्हा तू खाटेवर बसून शेजारच्या बाईला काहीतरी समजावून सांगत होतीस. माझ्याकडे बघून म्हणालीस, "आले काय? बसा." बस्स. त्यानंतर तू तो विषय कधी काढला नाहीस, आणि न काढून मला जन्मभराची शिक्षा दिलीस. माफी मागायला निदान भांडण तरी लागतं ना, सुमन.

त्यानंतर तू काही ऐकणारी राहिली नाहीस. धाडच्या बाजारात त्या बाबाचा मुलगा बसतो, आता तोच गंडमाळ उतरवतो. तू त्याच्यासमोर जाऊन पदर खाली केलास आणि म्हणालीस, "हे तुह्या बापाचं काम हाय, नीट पाहून घे." तो बिचारा गडबडला. म्हणाला, "ताई, आमी सेवा करतो, कोनाचा रुपया घेत नाही." तू म्हणालीस, "फुकट जाळता, हे मले कबूल हाय." सगळा बाजार हसला. मला मात्र लाज वाटली होती. घरी आल्यावर मी म्हटलं, बाईमाणसानं असा गळा दाखवत फिरावं का. तू तांदूळ निवडत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "मी झाकला तं पुढच्या पोरीच्या मायले दिसन कसा?" मी काहीतरी फुटकळ बोललो. तुझं बरोबर होतं. हे वाक्य मी तू असताना एकदाही म्हटलं नाही, आता लिहून ठेवतो.

तू गेलीस त्याच्या चौथ्या दिवशी अक्षय तुझा फोटो मोठा करायला घेऊन गेला. लेक पुण्यावरून आलेला, झोप नाही, तरी सगळं तोच बघत होता. स्टुडिओवाला आता त्या जुन्या माणसाचा मुलगा आहे. त्यानं कॉम्प्युटरवर फोटो उघडला, तुझ्या गळ्यावरचा आडवा व्रण मोठा करून दाखवला आणि अक्षयला म्हणाला, हे दोन मिनिटांत साफ करतो. अक्षयनं मला फोन केला. मी म्हटलं, फोन त्याला दे. आणि त्याला म्हटलं, "गळ्याला हात लावशील तर फोटो नको मला." तो म्हणाला, "सर, हाराखाली चांगलं दिसन म्हनून म्हटलं." मी म्हटलं, हार छोटा आणू. ती जुनी फ्रेम मी त्याच दिवशी काढून माळ्यावर टाकली. त्या बाईला मी कधी ओळखत नव्हतो.

आणि सहाव्या दिवशी तुझा फोन वाजला. अजून चार्ज करून ठेवतो मी तो. पलीकडे गौरीची आई होती. खालच्या आळीतली गौरी, पाच वर्षांची, जिच्या ऑपरेशनची तारीख तू तीन वेळा अकोल्याला जाऊन घेतली होतीस. मधे गाठ पिकली, औषधं देऊन थांबावं लागलं, म्हणून ही तारीख लांबली आणि आली ती नेमकी तुझ्या दहाव्यावर. पोरीची आई रडत होती. "गुरुजी, ताई गेल्या मले माहीत हाय. पन दुसरा नंबर नाही माह्यापाशी. सासूबाई म्हनतात आता दवाखाना नाही, रविवारी बाबाकडं बिब्बा लावून आनू." मी 'बघतो' म्हटलं आणि फोन ठेवला. त्या घरात पुन्हा तेच होणार होतं, तुझ्यासोबत झालेलं. रविवारला तीन दिवस होते.

सुतकातल्या माणसानं कुणाच्या दारात जाऊ नये. मी गेलो. अंगणात उभा राहिलो, ओट्यावर चढलो नाही, एवढं त्यांच्यासाठी पाळलं. म्हातारी सासू आतून पाण्याचा तांब्या आणता आणता थांबली. मी म्हटलं, पाणी नको, बोलायचंय. तुझा नवा फोटो सोबत होता, तो तिच्यासमोर धरला. ती म्हणाली, "सुमनचा गळा मले काय दाखवता गुरुजी? मी तुमच्याआधी पाह्यला हाय. ती लहान होती तवाचा, आमी एकाच गावच्या." ती खाली बसली. "मी काय येडी हाव काय? बिब्ब्यानं काय होते ते मले दिसते. पन तिथं पोरीले आत नेतीन, दार लावतीन, अन् आमी अडानी बायका भाईर बसू. काय चाललं, काय नाही, कोन सांगन आमाले? सुमन म्हने, मी हाव ना. आता ती नाही. बाबा निदान आमच्या डोळ्यासमोर करते."

इतकी वर्षं मी समजत होतो की लोक अडाणीपणानं बिब्बा लावतात. म्हातारीनं मला पाच मिनिटांत शिकवलं की लोकांना बंद दाराची भीती वाटते. तुला हे कधीच कळलं होतं. म्हणून तर तू प्रत्येक लेकरासोबत जायचीस आणि मी म्हणायचो, कागद करून दिले ना, आता त्यांचं ते बघतील.

मी म्हटलं, "मी येतो सोबत."

"त्या दिवशी दहावा हाय तुमच्या घरी."

"हाव. हाय."

म्हातारी गुडघ्यावर हात देऊन उठली. मग सुनेला म्हणाली, "पोरीचे कपडे पिशवीत भर."

घरी दादानं आकाशपाताळ एक केलं. "अरे, बायकोचा दहावा अन् नवरा दुसऱ्याच्या पोरीले घेऊन अकोल्याले? लोकं तोंडात शेन घालतीन. सुतक फिटल्याबिगर दवाखान्यात जाते काय कोनी?" मी म्हटलं, दवाखान्यात सगळे सुतकातलेच असतात, नाहीतर सुतकाच्या भीतीनं आलेले. तो म्हणाला, "एक दिवस पुढं ढकल." मी म्हटलं, दहावा ढकल. तेव्हा तो खरंच दुखावला. तुझ्यावर त्याचा जीव होता, सुमन. तुझ्यासाठीच भांडत होता तो, हे मला कळत होतं, तरी मी मागे हटलो नाही. शेवटी अक्षय म्हणाला, "काका, पिंड मी देतो. बाबांना जाऊ द्या. आईनं त्यांनाच आधी पाठवलं असतं." त्यावर दादा उठून बाहेर गेला.

नवव्या दिवशी आम्ही निघालो. गौरी, तिची आई, आजी आणि मी. वॉर्डात सर्जन मॅडमनी विचारलं, "सुमनताई नाही आल्या?" मी सांगितलं. त्या गौरीसमोर वाकल्या आणि म्हणाल्या, जीभ दाखव. गौरीनं इतकी लांब काढली की आजीनं तिला दटावलं. सोनोग्राफीचा कागद मॅडमनी पुन्हा नीट पाहिला, खरी ग्रंथी आपल्या जागेवर आहे ना याची खात्री केली, आणि आजीला समजेल असं सगळं सांगितलं. आवाजाची पेटी याच्या खाली असते, तिला हात लागत नाही. तुझ्या तोंडून मी हे ऐकलं होतं तेव्हा नुसतं हं हं केलं होतं. आता मीच म्हाताऱ्या बाईला पुन्हा पुन्हा सांगत होतो, आणि दर वेळी तिच्यापेक्षा मलाच जास्त ऐकायला येत होतं.

दहाव्याच्या सकाळी गौरीला आत नेलं आणि दार लागलं. मी बाकावर बसलो. तुझ्या वेळी याच बाकावर, किंवा असल्याच कुठल्या बाकावर, कुणीच बसलेलं नव्हतं. दार लागताना तू मागे वळून बघितलं असशील का, हे मला कधी कळणार नाही. चुकलो मी, सुमन. याला दुसरा शब्द नाही. वय, आवाज, भीती ही सगळी मी लावलेली कारणं होती. खरं म्हणजे तू माझ्याशिवाय एक गोष्ट ठरवलीस, ती मला सहन झाली नाही.

अर्ध्या तासानं दादाचा फोन आला. नदीवरून बोलत होता. आवाजात राग नव्हता, घाबरला होता. "कावळे झाडावर हायेत, पन पिंडाले शिवून नाही राह्यले. अक्षयनं हात जोडले. त्याचं लगन लावून देऊ म्हटलं, तुह्या नावानं पंगत घालू म्हटलं. सगळ्याईनं कबूल करून पाह्यलं. काहीतरी राह्यलं हाय तिचं. तू बोल. मी फोन पिंडापाशी धरतो."

डोळ्यांसमोर चित्र आलं. माझा साठीचा भाऊ नदीकाठी वाकून भाताच्या गोळ्यापाशी फोन धरून उभा, आणि भोवती सगळी भावकी जमलेली. मला हसूही आलं आणि रडूही. काय बोलायचं असतं ते मला माहीत होतं. तुझी सगळी कामं मी पूर्ण करीन, काळजी करू नको, निवांत जा. असं म्हणतात. मग कावळा शिवतो, माणसं सुटतात, घरी जाऊन जेवतात.

मी म्हटलं, "सुमन, गौरीला आत नेलंय. अजून बाहेर आली नाही."

दादा म्हणाला, "अबे, असं नाही. काही कबूल कर तिले."

"नाही करत."

त्यानं फोन ठेवला. कावळा शिवला नाही. ऊन वर आलं तेव्हा भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि लोक नाराज होऊन परतले. गावात आता बोलतात की नवरा दहाव्याला नव्हता म्हणून बाईचा जीव अडकला. बोलू देत.

त्या फोननंतर बऱ्याच वेळानं मॅडम बाहेर आल्या. गाठ, नळी आणि हाडाचा तो तुकडा, सगळं अखंड निघालं होतं. आजीनं विचारलं, "बोलन ना ती?" मॅडम म्हणाल्या, "संध्याकाळी तुमच्याशी भांडेल." म्हातारी तिथंच जमिनीवर बसली आणि माझे पाय धरायला लागली. मी पाय मागे घेतले. ते हात माझ्यासाठी नव्हते, पण तुझे पाय मी कुठून आणणार होतो?

उद्या तेरवीला येणारा प्रत्येक जण म्हणेल, तिच्या आत्म्याला शांती लाभो. मी म्हणणार नाही. तुला शांती मिळाली तर आमचं कसं व्हायचं? काल अकोल्याहून निघताना गौरीच्या आईनं सांगितलं की डोणगावला तिच्या बहिणीच्या तान्ह्या बाळाच्या मानेवर मऊ, पाण्याची गाठ आहे, जन्मापासून, रोज थोडी वाढते, आणि घरात बिब्बा आणून ठेवलाय. मी लगेच फोन लावून म्हटलं, हात लावू नका, मी येतोय. काय बोलायचं ते मला नीट ठाऊक नाही. माझ्याकडे दाखवायला गळा नाही.

म्हणून सांगतो, तृप्त होऊ नकोस. तुला वाटेला लावण्यासाठी मी कसलंही वचन देणार नाही. भुकेलीच रहा, भांडत रहा. परवा सकाळच्या गाडीनं मी डोणगावला निघतोय. चल.